कशेडीतला नंबर

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. टायर बनवते, एवढं पुरे. तिची जाहिरात एकदा माझ्या हातून झाली आहे, ती जन्माला पुरेल.

लिहायचं आहे ते सदूबद्दल. सदू कशेडी घाटातल्या एका वाडीत राहतो. वीस घरांची वाडी, त्यातल्या बारांना कुलूप, माणसं मुंबईला. सदू आणि त्याची बायको बनुबाई मात्र गेली नाहीत. थोडं भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. सदूचं वय अठ्ठावन्न. चालताना डावा पाय जरा ओढतो, पण दोर कमरेला बांधला की हाच माणूस दरीत सरसर उतरतो.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी वाडीसमोर एक टेम्पो खाली गेला. सदू म्हशीचा दोर घेऊन उतरला आणि ड्रायव्हरला पाठीवर घालून वर आला. तिथून सुरुवात. पुढे मोबाइल आला तेव्हा त्यानं घाटातल्या वळणांना स्वतःच आकडे दिले, खालून वर एक ते सव्वीस, आणि प्रत्येक वळणावर एक धोंडा किंवा कठडा निवडून त्यावर ऑइलपेंटनं वळणाचा आकडा आणि आपला फोन नंबर लिहिला. पोलादपुरात माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. पांढरा आणि लाल डबा माझ्याकडून जातो. पावसात शेवाळ चढतं, म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या आसपास सदू सव्वीसच्या सव्वीस वळणं पुन्हा रंगवतो.

तो नंबर ट्रकवाल्यांना पाठ आहे, अॅम्ब्युलन्सवाल्यांना पाठ आहे, पार केरळपर्यंतच्या ड्रायव्हरांच्या डायऱ्यांत आहे. आता मोठी वाहतूक घाटाखालच्या नव्या बोगद्यातून जाते. लोक म्हणतात, घाट सुटला, आता सदूला विश्रांती. असलं बोलणाऱ्यांना मी एकदा पावसाळ्यात जुन्या रस्त्यावर नेऊन उभं करणार आहे. आजूबाजूच्या वाड्यांची माणसं अजून त्याच रस्त्यानं जातात, आणि रहदारी नसल्यामुळे कोण खाली गेलं तर बघायलाही कोण नसतं. नंबर आता जास्तच लागतो.

सदूचा फोन साधा, बटणांचा. पडवीच्या एका खांबापाशीच रेंज येते, म्हणून तिथं पत्र्याचा डबा ठोकून फोन त्यात ठेवलेला. सदू शेतात गेला की बनुबाई फोनपाशी बसते. तिला कुठं लग्नाला जायचं असेल तर सदू घरी थांबतो. फोन एकटा राहिला, असं इतक्या वर्षांत झालेलं नाही. आणि फोन उचलल्यावर सदू हॅलो म्हणत नाही. थेट विचारतो, "कुठल्या वळणावर?"

आता माझा मूर्खपणा सांगतो.

मे महिन्यात त्या कंपनीच्या पेजवर एक पोस्ट आली: 'तुमच्या रस्त्यावरचा देवमाणूस आम्हाला कळवा.' दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हातात फोन होता. मी सदूचा फोटो टाकला. वळण अकराच्या धोंड्याला टेकून उभा, बाजूला नंबर स्वच्छ दिसतोय. खाली दोन परिच्छेद लिहिले, आणि दिवसभर कोणी लाइक केलं ते बघत बसलो. माझीच छाती फुगली होती, जसा काही दरीत मीच उतरत होतो.

जूनच्या शेवटी कंपनीची माणसं आली. कॅमेरेवाले तिघं आणि श्रुतिका नावाची मुलगी. ती कंपनीचं सोशल मीडिया बघायची. बोलायला गोड, मोठ्यांना वाकून नमस्कार करणारी. तिनं सदूला दोर बांधून तीनदा उतरायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळी उजेड बरोबर नव्हता. मग 'कुठल्या वळणावर?' हे त्याच्याकडून पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. त्या दोन शब्दांवर ती जाम खूश होती.

जाताना तिनं सदूला नवा स्मार्टफोन दिला आणि त्याचं सिम स्वतःच त्यात घातलं. फोनमध्ये एक अॅप होतं. येणारा प्रत्येक कॉल, उचललेला असो वा न उचललेला, ते मोजायचं आणि आकडा कंपनीच्या पेजवर दाखवायचं. मोजून काय करायचं, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "काका, ऑडियन्सला नुसतं बघायला दिलं की ते पुढे सरकतात. त्यांना काहीतरी करायला द्यायचं. मग ते आपले होतात."

मी मान डोलावली. शहाण्यासारखी.

जुलैत व्हिडिओ आला. शेवटी मोठ्या अक्षरांत सदूचा नंबर आणि खाली: 'सदूकाकांना फोन करा, थँक यू म्हणा, त्यांचं उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला टॅग करा. भाग्यवान पन्नास जणांना टायरचा सेट.' सात दिवसांची स्पर्धा. पेजवर आकडा पळत होता, 'सदूकाकांना आतापर्यंत मिळालेले धन्यवाद'.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत सातशे फोन. पुणे, नागपूर, दुबई. सदू प्रत्येक फोन उचलायचा आणि विचारायचा, "कुठल्या वळणावर?" पलीकडून हशा फुटायचा. पोरं ओरडायची, बोलला रे बोलला! कोणी म्हणायचं, काका, पुन्हा एकदा म्हणा ना, रेकॉर्ड झालं नाही. कोणी त्या दोन शब्दांना गाण्याचा ठेका लावला. लोक त्यावर नाचले. खरंच नाचले, मी बघितलंय.

तिसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. सदू खांबाला टेकून बसलेला, डोळे तांबडे. बनुबाई आणि तो आळीपाळीनं जेवत होते. फोनवर फोन चालू असतानाच दुसरे फोन आत टुकटुकत होते.

"ठेव की बंद करून चार दिवस," मी म्हटलं.

"बंद करू?" सदू माझ्यावर खेकसला. "आनि खरा आला तर? यातला कुठला खरा, ते उचलल्याबिगर कसा कळनार रे मुरारी?"

"मग नंबर बदल."

"धोंडे कोन बदलनार? आनि डायवरांच्या डोक्यातला?"

मी तिथूनच श्रुतिकाला फोन लावला. म्हटलं, ही अडचणीतल्या माणसांची लाइन आहे, ताबडतोब थांबवा. ती म्हणाली, "काका, फक्त चार दिवस राहिलेत. आणि रीच बघा ना, कंपनीच्या इतिहासात एवढी एंगेजमेंट झाली नाही." मी ओरडलो. ती म्हणाली, वरच्यांशी बोलते. ती बोलली की नाही, मला माहीत नाही. स्पर्धा थांबली नाही एवढं माहीत आहे.

पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला भागोजी वळण अकरावर घसरला.

भागोजी सदूच्या पलीकडच्या वाडीतला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी करून मोटरसायकलवर घरी निघालेला, बाजारातून बायकोला, उज्वलाला, मागे घेतलेलं. पाऊस कोसळत होता. उज्वला रस्त्यावरच पडली, कोपर फुटलं. भागोजी गाडीसकट तुटक्या कठड्यातून खाली गेला, साठ-सत्तर फूट. तिनं हाक मारली, तेव्हा त्यानं ओ दिली होती.

तिच्यासमोरच धोंडा होता. पांढऱ्या रंगात अकरा आणि खाली नंबर. तिनं लावला. बिझी. पुन्हा लावला. रिंग गेली, उचलला नाही. मधे तिनं १०८ ला फोन केला, आणि अॅम्ब्युलन्स आली, वेळेत आली. पण त्यांच्याकडे स्ट्रेचर होतं, दोर नव्हता, आणि त्या निसरड्यावरून दोराशिवाय उतरायचं म्हणजे आणखी दोघं खाली. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हरही सदूलाच फोन लावत होता. त्यालाही लागत नव्हता; आता लागेल, मग लागेल करत तो तिथंच थांबला.

सदू त्या वेळी खांबापाशीच होता. फोन कानाला होता. सोलापूरचे कोणी कॉलेजवाले होते, त्यांना त्याच्याकडून आईच्या वाढदिवसाचा निरोप म्हणवून घ्यायचा होता.

शेवटी वाटेनं जाणारा एक मोटरसायकलवाला वाडीत पोचला आणि अंगणातून ओरडला. सदू फोन टाकून धावला. भागोजीला वर काढला तेव्हा घसरल्याला पावणेदोन तास झाले होते. तो तेव्हाही श्वास घेत होता. महाडला पोचायच्या आत, पोलादपूरच्या पुढे कुठंतरी, तो थांबला. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं, तासभर आधी आणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सदू माझ्या दुकानात आला. अंगावर कालचेच कपडे. सिम काढलेला तो स्मार्टफोन त्यानं काउंटरवर आपटला.

"तुझ्या मानसांना परत कर."

"सदू, माझं चुकलं."

"नंबर दिलास, त्याचा काय नाय. नंबर द्यायचाच असतो. पन ज्याला लागतो त्याला रे! हसायला दिलास तू." तो पावसात तसाच निघून गेला.

कंपनीनं व्हिडिओ पेजवरून काढला. दोन दिवसांनी पेजवर घाटाचा काळा-पांढरा फोटो आला, 'पावसात सावकाश चालवा, ओल्या रस्त्यावर पकड महत्त्वाची', आणि खाली कोपऱ्यात त्यांचा टायर. भागोजीचं नाव नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली काय लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि ते तासाभरात पुसलंही गेलं. धन्यवादांचा आकडा मात्र त्यांनी पेजच्या माथ्यावर तसाच ठेवला. तो अभिमानाचा विषय होता ना!

तेराव्यानंतर उज्वला दुकानात आली. हाताला अजून पट्टी. म्हणाली, "दादा, तो आकडा दावा मला."

मी दाखवला. अकरा हजार दोनशे छत्तीस.

तिनं स्वतःचा फोन काढून बाजूला ठेवला. त्यात त्या दुपारची यादी होती. सदूच्या नंबरला लावलेले कॉल तिनं बोटानं मोजून दाखवले. एकोणचाळीस.

"ह्ये पन त्यात हायेत काय?"

मला उत्तर माहीत होतं, तरी मी श्रुतिकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. विचारलं, ज्यांचा फोन उचललाच गेला नाही, तेही धन्यवादांत मोजलेत का? ती बारीक आवाजात म्हणाली, "काका, अॅप सगळेच कॉल मोजतं."

उज्वला फोनवर वाकली. रडत नव्हती. इतक्या संतापानं बोलणारं माणूस मी पोलादपुरात दुसरं बघितलेलं नाही.

"बाय, मी भागोजीची बायको. माझे एकोनचाळीस काढा त्यातनं. मी थँक्यू म्हनायला नव्हता केला फोन."

श्रुतिका म्हणाली, सॉरी ताई, मी वरती विचारते.

दसरा झाला. सदूनं या वर्षीही सगळी वळणं रंगवली. नंबर तोच, फोन जुना, बटणांचा. अजून दिवसाकाठी दहा-बारा फोन हसणाऱ्यांचे येतात, आणि सदू त्या प्रत्येकाला आधी विचारतो, कुठल्या वळणावर.

मी रोज दुकान उघडलं की ते पेज बघतो. अकरा हजार एकशे सत्त्याण्णव दिसायला हवेत. आज सकाळीही अकरा हजार दोनशे छत्तीसच होते.