रेडिओवरचा शब्द

लिओपोल्ड अडोनिसचं उभं आयुष्य समुद्रासाठी दार उघडण्यात आणि लावण्यात गेलं. गयानाच्या किनाऱ्यावरचं त्याचं गाव समुद्राच्या पातळीहून खोल. बांधाच्या पोटात एक भलंमोठं लाकडी दार होतं, त्याला सगळे कोकर म्हणत. ओहोटी लागली की चाक फिरवून दार वर घ्यायचं, कालव्याचं पाणी समुद्रात सोडायचं आणि भरतीच्या आधी दार पुन्हा खाली टाकायचं. बायको एनिड वारल्यापासून तो समुद्र उठवेल तेव्हा उठे आणि समुद्र सोडेल तेव्हा जेवे.

त्या जानेवारीत पाऊस थांबायचंच विसरला. ओहोटीला जेवढं पाणी जाई, तेवढंच मागच्या दलदलीतून गावात उतरे. घरं खांबांवर, म्हणून माणसं वर कोरडी राहिली. खाली अंगणांतून नारळ तरंगत जायचे, जिन्याच्या पायऱ्यांवर मासे चढायचे. संध्याकाळी सगळं आभाळ घरांखाली येऊन निजायचं आणि गाव ढगांवर बांधल्यासारखं दिसायचं.

समोरच्या खिडकीत दुलारी असायची. ती विधवा, मुलगे न्यूयॉर्कला. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं ‘मॉर्निंग, शेजारी’च्या पुढं गेलं नव्हतं.

“शेजारी!” एका सकाळी तिनं हाक मारली. “तो रेडिओवाला रोज म्हणतोय, पाणी रिसीड होईल, रिसीड होईल. म्हणजे बुडणार का वाचणार आपण?”

“मागं सरेल म्हणतोय.”

“मग मागं सरेल म्हणावं की मेल्यानं! जिभेला एवढा पीळ कशाला?”

“तसं नाही. पाठ फिरवून पळालं, तर ते पळणं. आपल्याकडं बघत बघत हळूच मागं गेलं, की रिसीड.”

“अस्सं! तुमच्या कपाळावरच्या केसांसारखं?”

लिओपोल्डचा हात आपसूक डोक्यावर गेला आणि तो खदखदून हसला. आपलंच हसू त्याला परक्या घरातून आल्यासारखं वाटलं.

मग तो शब्द दोघांचा खेळच झाला. “आज काय रिसीड?” तो विचारी. “हिरड्या,” ती म्हणे, “आणि डब्यातलं पीठ.” दोरी बांधलेल्या घमेल्यातून तिची डाळपुरी पाण्यावरून डुलत यायची, परतीला तो खारा मासा आणि उकडलेला कसाव्याचा कंद ठेवायचा.

एकदा दिवस मावळताना ती कितीतरी वेळ पाण्याकडं बघत राहिली. “नवरा गेला तेव्हा वाटलं, आता हे दुःख मला बुडवणार. पण तेही ओसरलं. कधी, ते कळलंच नाही. आता त्याचा चेहरा आठवतो हो, आवाज नाही आठवत.”

“एनिडच्या हाताला जायफळाचा वास यायचा,” लिओपोल्ड म्हणाला. “तो कुठं गेला, मलाही ठाऊक नाही.” अंधार पडला, तरी दोघं आपापल्या खिडकीतून उठले नाहीत.

अखेर आभाळ उघडलं. मोठी ओहोटी लागली, तसा तो होडीनं कोकरवर गेला. चाकावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा तो हात अडला. पाणी गेलं की त्या खिडकीतली हाकही जाईल. पण गावातल्या पोरांच्या पायांवरची गळवं त्याच्या डोळ्यांपुढं आली, दुलारीचा कुजत चाललेला जिना आला. दात आवळून त्यानं चाक फिरवलं. तांबूस पाणी घुमत समुद्राकडं निघालं.

गावात चिखल उरला. जो तो घासण्या-पुसण्यात गढला, रेडिओ क्रिकेटकडं वळला. ‘मॉर्निंग, शेजारी.’ पुन्हा तेवढंच.

मग एका दुपारी चिखल तुडवत दुलारीच बांधावर आली, हातात चप्पल.

“हे तुमचं दार कधी उघडलेलं बघितलंच नाही मी.”

“बघण्यासारखं काय आहे त्यात?”

“ते मी ठरवीन. सरका, मला चाक धरू द्या.”

“जड आहे.”

“मग तुम्हीपण धरा. एवढंसुद्धा मीच सांगायचं?”

दोघांनी मिळून दार उचललं. पाणी जाताना ती लहान मुलीसारखी वाकून बघत होती आणि तो तिच्याकडं.

दोघं लग्न करणार हे कळताच दुलारीच्या मुलांनी फोनवर आरडाओरडा केला, लोक काय म्हणतील! दुलारी म्हणाली, “लोकांनाही जेवायला बोलावते.” पुढच्या वर्षी लग्न लागलं. लिओपोल्डचा कोट उसना होता. धाकटा मुलगा विमानानं आला, दिवसभर फुरंगटून बसला आणि लग्नाच्या काळ्या केकवर सगळ्यात जास्त ताव त्यानंच मारला.