‘शीला – इतर’

मेश्रामांच्या घरात ईमेलचा पत्ता एक आणि तो उघडणारी यंत्रं दोन. बैठकीतला डेस्कटॉप दादारावांचा. आतल्या खोलीतला लॅपटॉप शीलाताईंचा, म्हणजे मुलगी समता बंगळुरूला गेली तेव्हा आपला जुना आईला देऊन गेली तो. पत्ता दादारावांच्या नावाचा, पण घरातलं सगळं त्याच्यावरच यायचं. समता म्हणाली होती, "आई, तुला वेगळा उघडून देते." शीलाताई म्हणाल्या, "एका घराला दोन पत्ते कशाला?" हे वाक्य पुढे त्यांना फार महागात पडलं.

शीलाताईंचा दिवस साडेपाचला सुरू होतो. आंघोळ, मग बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती, त्रिसरण, पंचशील, थोडा वेळ डोळे मिटून बसणं. त्यानंतर चहा, आणि चहाबरोबर वही. वर्ध्याहून लग्न होऊन दिल्लीत आल्या त्या वर्षापासूनची सवय. काल काय शिजवलं, कोणाचा फोन आला, कोणावर चिडले, चिडायला नको होतं का. चौतीस वह्या झाल्या. दिवाणाच्या पोटात सासूबाईंच्या रजयांखाली ठेवल्यात.

त्या वह्यांमध्ये एक ओळ वर्षानुवर्षं येत राहिली होती, ‘शिबिर यंदाही राहिलं.’ पानिपतच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, एक ध्यानकेंद्र आहे. दहा दिवस मौन, पहाटेपासून ध्यान. एकदा मुलाची, सिद्धांतची, बारावी होती. मग सासूबाई आठ वर्षं अंथरुणाला होत्या, त्यांना सोडून जाणं शक्यच नव्हतं. मग समताचं लग्न, मग करोना. आता घरात दोघंच. आता कोणाचंच काही आडवं येत नाही, असं त्यांना वाटलं होतं.

मार्चच्या शिबिरासाठी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. केंद्राची पद्धत अशी, की शिबिराच्या पंधरा दिवस आधी ते मेल पाठवतात, ‘येताय ना?’ तीन दिवसांत ‘येते’ असं उत्तर गेलं नाही, तर जागा पुढच्या नावाला. बायकांच्या जागा वीसच. शीलाताईंनी लॅपटॉप सकाळ-दुपार-संध्याकाळ उघडला. मेल आलं नाही. शेवटी फोन केला, तर पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं, "माताजी, मेल तो भेजा था. जवाब नहीं आया, तो सीट आगे दे दी."

"मग गेलं कुठे?" त्यांनी दादारावांना विचारलं.

"त्यांनी पाठवलंच नसेल. कारभार सगळीकडे सारखाच असतो."

आता हे दादाराव कोण, तेही सांगायला हवं. एका मंत्रालयात ते डाकेच्या शाखेत लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. आलेला कागद त्या दिवशी नोंदवायचा, फाईलला लावायचा, आणि संध्याकाळी पाचला टेबल कोरं, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर टेबल गेलं, धर्म राहिला. सकाळी साडेनऊला डेस्कटॉपवरचं फडकं निघायचं, पाचला पुन्हा पडायचं. मधे दीड ते दोन जेवण. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर ते उभ्याउभ्या घसा खाकरत राहायचे, माणूस उठेपर्यंत.

नोव्हेंबरमध्ये शीलाताईंनी पुन्हा अर्ज केला. शिबिर तीन डिसेंबरपासून. म्हणजे अठराच्या सुमाराला मेल येणार, आणि वीसच्या संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर जायला हवं. यावेळी त्या सावध होत्या. दहा तारखेपासून त्यांनी वहीत एक वेगळं पान घातलं, किती वाजता लॅपटॉप उघडला आणि काय दिसलं. सकाळी साडेसहाला चार मेल. दहाला पाहावं, तर एकही नाही. आधी वाटलं, आपणच चुकून काही दाबलं. दुसऱ्या दिवशी कशालाही हात लावला नाही, नुसतं पाहिलं. साडेसहाला तीन, दहाला शून्य. चौथ्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, ‘सकाळी दिसतं ते दुपारी नसतं. चष्मा बदलून झाला.’

"अहो, तुमच्याकडे सगळं टिकतं, माझ्याकडचं पुसलं जातं. असं का?"

"मशीन जुनं आहे तुझं."

"मशीन जुनं असेल तर उघडणार नाही. उघडून रिकामं कसं दाखवेल?"

दादारावांनी वर्तमानपत्राची घडी बदलली. हे त्यांचं उत्तर.

शीलाताई विचार करत राहिल्या. दोन्हींचा पत्ता एक, पण वागणं दोन. म्हणजे आत काहीतरी वेगळं भरलं असणार. भाजी सारखी व्हायला हवी तर मसाला सारखा पडायला हवा. तेव्हा पंधरा तारखेला, दादाराव खाली फिरायला गेले असताना, त्यांनी डेस्कटॉपवर मेलच्या सेटिंगचं पान उघडलं आणि ते वहीत जसंच्या तसं उतरवून काढलं. प्रत्येक चौकोन, प्रत्येक आकडा. एका चौकोनापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, की मेलची प्रत सर्व्हरवर राहू द्या. त्यात खूण नव्हती. त्यांनी वहीत लिहिलं, ‘खूण नाही.’ दोन पानं भरली. मग आत जाऊन लॅपटॉपवर तो पत्ता नव्याने भरला, वहीतली एकेक ओळ बोटाने दाबत. शेवटच्या चौकोनातली खूण काढली. आता दोन्ही यंत्रं जुळी.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पाच मेल आले. दहाला पाहिलं, पाचही जागच्या जागी. शीलाताईंनी मूर्तीपुढे पुन्हा एक उदबत्ती लावली.

त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे अठराला, दादाराव सकाळी नऊलाच पेन्शनरांच्या सभेला निघाले. सभा हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला, एका शाळेच्या हॉलमध्ये. निघताना सवयीविरुद्ध डेस्कटॉप चालू करून गेले, म्हणजे परत येईपर्यंत डाक उतरलेली असेल. दीड तास मेट्रो, मग रिक्षा, मग चढाचा रस्ता, वर हवेत दिल्लीचा नोव्हेंबरातला धूर. हॉलला कुलूप. चौकीदार म्हणाला, मीटिंग तर लक्ष्मीनगरला आहे. लक्ष्मीनगर म्हणजे मेश्रामांच्या घरापासून पाच स्टेशनं.

दोन वाजता ते घरी आले तेव्हा घसा बसला होता. "जागा बदलल्याचं मेल सगळ्यांना आलं. मलाच आलं नाही. संघटनेत चौदा वर्षं झाली मला."

"कधी पाठवलं होतं?"

"सकाळी सातला म्हणे."

शीलाताईंनी वही उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "ते माझ्याकडे आलंय. सकाळीच पाहिलं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"संघटनेचं होतं. तुमची डाक मी कशाला उघडू? मला वाटलं, तुमच्याकडेही आलंच असेल. पत्ता एकच आहे ना."

त्या दुपारी घरात वरण गार झालं. दादाराव म्हणाले, तू काहीतरी केलंयस. शीलाताई म्हणाल्या, तुमचंच उतरवलंय, अक्षर न अक्षर. ते म्हणाले, माझ्या टेबलाला हात कशाला लावलास. त्या म्हणाल्या, टेबलाला नाही, माउसला लावला. आणि मग, बऱ्याच वेळाने, "माझं काही आलं का बघा. केंद्राचं."

दादाराव डेस्कटॉपपुढे बसले, चष्मा नाकावर घेतला, खालपासून वरपर्यंत पाहिलं. "डाकेत नाही."

एकोणिसालाही तेच. "डाकेत नाही." वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे. ‘चिडले. दोनदा. शांत बसता आलं नाही.’

वीसच्या सकाळी त्यांनी केंद्राला फोन लावला. फोन दहा ते बारा एवढाच उचलतात. पलीकडच्या बाईंनी तपासून सांगितलं, "जी, अठारा को ग्यारह बजे गया है. फोन पर कन्फर्म नहीं करते माताजी, सबके लिए एक ही नियम है. आज पाँच बजे तक मेल कर दीजिए, उसी मेल के जवाब में." शीलाताईंनी विनवणी केली, आपलं वय सांगितलं, मार्चमधली हकीकत सांगितली. बाई चांगल्या होत्या. पण नियम म्हणजे नियम.

समता ऑफिसमधून चार वाजता मोकळी झाली. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी वहीतलं पान सुरुवातीपासून वाचून दाखवलं. मधेच समता म्हणाली, "थांब आई. तू बाबांचं सेटिंग कॉपी केलंस?"

"अक्षर न अक्षर."

"अरे यार." ती हसली, मग हसणं आवरलं. "आपली खालची लेटरबॉक्स आठव. पोस्टमन त्यात टाकतो. बाबा साडेनऊला खाली जातात आणि सगळं उचलून वर आणतात, मागे एक चिठ्ठी ठेवत नाहीत. आधी तू त्या लेटरबॉक्समध्ये नुसतं डोकावायचीस. बाबांनी उचललं की तुला रिकामी दिसायची. मग तूही त्यांच्यासारखीच उचलायला लागलीस. आता जो आधी पोचेल त्याचं. म्हणून ती सभा गेली."

"आणि अकरा वाजताचं मेल?"

"अकराला लॅपटॉप चालू होता?"

शीलाताईंनी वही पाहिली. "नाही. मी बाजारात होते."

"मग ते बाबांकडेच आहे. बाबा, बघा ना."

"डाकेत नाही," दादाराव म्हणाले. "तीनदा पाहिलं."

"इनबॉक्समध्ये नसेल. डावीकडे फोल्डर आहेत ना तुमचे, ते वाचा."

दादारावांनी वाचायला सुरुवात केली, हजेरी घेतल्यासारखी. "पेन्शन. सोसायटी. आरोग्य. संघटना. सिद्धांत. समता. शीला – इतर."

"हे काय आहे?" शीलाताई म्हणाल्या.

"कुठलं?"

"शेवटचं."

"ती तुझी फाईल. ज्यात तुझं नाव असेल ते आपोआप तिकडे जातं. निवृत्त झालो तेव्हाच लावून ठेवलंय."

शीलाताई जवळ आल्या. नावापुढे एक आकडा होता, न उघडलेल्या मेलचा. दोनशे बारा.

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मी रोज विचारत होते," शीलाताई हळू म्हणाल्या. "मार्चपासून विचारतेय."

"तू विचारलंस, डाकेत काही आहे का. डाकेत नव्हतं." दादारावांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. "आणि तुझी फाईल मी कशी उघडणार? तुझी आहे ती."

"आणि मी तुमच्या मशीनला हात लावायचा नाही. मग ती कोणी उघडायची? मुलांना अख्ख्या फायली, सोसायटीलासुद्धा अख्खी, आणि मी इतर. उठा."

"काय?"

"खुर्चीवरून उठा."

ते उठले. घसा खाकरला नाही. शीलाताई बसल्या. वरूनच तिसरं मेल केंद्राचं, अठरा तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं. खाली सरकत गेलं तर मार्चचंही तिथेच. त्याच्याही खाली बहिणीने पाठवलेले तिचे आणि तिच्या सुनांचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एका जुन्या मैत्रिणीचं लांबलचक पत्र, दोन वर्षांपूर्वीचं, शेवटी ‘उत्तर दे ग’. ते पत्र त्यांनी उघडून तसंच ठेवलं. आधी केंद्राचं. दोन बोटांनी टाइप करता करता घड्याळात साडेचार झाले. ‘मैं आ रही हूँ. शीला मेश्राम.’ एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, पाठवलं.

"आता याचं उत्तर कुठे येईल?" त्यांनी फोनला विचारलं.

"जो आधी उचलेल त्याच्याकडे."

शीलाताईंनी खाली वाकून डेस्कटॉपचं बटण भिंतीवरच बंद केलं. "उत्तर येईपर्यंत हे बंद राहील."

दादाराव बराच वेळ उभे होते. पाच वाजले, तेव्हा सवयीने फडकं हातात घेतलं, आणि ते हातातच राहिलं. मग म्हणाले, "वाचलेला कागद मागे ठेवायचा? चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी नाही ठेवला."

"त्या चौकोनात खूण करायची, एवढंच आहे, बाबा," समता म्हणाली. फोन अजून चालू होता. "दोन्हीकडे."

"राहू दे मागे," शीलाताई म्हणाल्या. "कोणी पाहायला येणार नाही तुमचं टेबल."

भिंतीवरचं बटण त्यांनीच पुन्हा चालू केलं. दादारावांनी खूण केली. हात असा अवघडला, की जणू कोणाच्या तरी चुकीच्या टिप्पणीखाली सही करतायत. मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी लॅपटॉपवरही केली, वहीतली ओळ शीलाताईंनी वाचली आणि ‘खूण नाही’ हे शब्द पेनाने खोडले.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. लॅपटॉपवर दिसलं, डेस्कटॉपवरही. जागा पक्की होती. खाली सूचना होत्या, पांढरे साधे कपडे आणावेत, फोन कार्यालयात जमा करावा, दहा दिवस वाचन-लेखन बंद. वहीसुद्धा नाही.

दादारावांनी सूचना दोनदा वाचल्या. "म्हणजे दहा दिवस तुला काहीच कळवता येणार नाही?"

"नाही."

"आणि तुझं काही आलं तर? त्या फाईलमध्ये?"

शीलाताई मैत्रिणीला उत्तर लिहीत होत्या, दोन वर्षं उशिरा. मान वर न करता म्हणाल्या, "उघडून बघा."