कोनता हातले?

"कोनता हातले वाटनं?" कोणत्या हाताला जाणवलं, हा प्रश्न करंटवाले चाचा प्रत्येकाला विचारत. लोक हसत. करंट लागला म्हणजे दोन्ही हातांना लागला, त्यात विचारायचं काय? पण उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढच्या माणसाला बसू देत नसत.

म्हसावदच्या बाजारात निंबाखाली माझं लुगड्यांचं दुकान लागे, आणि शेजारी चाचांची पेटी. तेव्हा आमच्याकडे वीज म्हणजे आभाळातली. चाचांच्या लाकडी पेटीत घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक होतं आणि त्याच्यासमोर तांब्याच्या तारेची रिळं फिरत. मूठ फिरवली की तारांना जोडलेल्या दोन पितळी नळ्यांत करंट येई. जुन्या काळी विलायतेतले डॉक्टर संधिवातावर अशीच पेटी वापरत, असं ते सांगत. आपल्या पेटीनं आराम पडेल, असं मात्र कधी म्हणाले नाहीत. "पडी का नही, अल्लाले माहीत," म्हणत आणि मूठ फिरवू लागत.

कधी माणसांची साखळी करत. टोकाचे दोघं नळ्या धरत, मधले एकमेकांचे हात. एकदा बांधावरून बोलणं तुटलेले दोन सख्खे भाऊ त्या साखळीत चुकून शेजारी आले. हात धरायला तयार होईनात. मागचे ओरडायला लागले तेव्हा कशीबशी बोटं टेकवली. चाचांनी मूठ जोरात फिरवली, तशी करंटनं बोटं वळली आणि हात असे आवळले गेले की सुटेनात. नंतर दोघंही गावभर सांगत फिरले, "मी नही धरा, त्यानीच धरा."

चाचा स्वतः मात्र कधी नळी हातात घेत नसत. एका उन्हाळ्यात बाजार ओस पडला होता, तेव्हा मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, ही पेटी बाजारासाठी घेतलेलीच नव्हती.

शहाद्याला त्यांचं पत्र्याच्या डब्यांचं, कंदिलांचं काम होतं. मूलबाळ नव्हतं. बायकोची उजवी बाजू लकव्यानं गेली, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सुरतेहून पेटी आणली. रोज संध्याकाळी एक नळी तिच्या लुळ्या हाताला फडक्यानं बांधायची, दुसरी स्वतःच्या अनवाणी पायाखाली दाबायची, तिचा चांगला हात आपल्या डाव्या हातात धरायचा आणि उजव्यानं मूठ फिरवायची. वाटलं का, असं विचारलं की ती रोज हो म्हणे.

"मी समजनू, हात जागा होई ऱ्हायना," चाचा म्हणाले. "मंग एक दिवस इचारं, कोनता हातले? ती म्हने, जो हात तुम्हना हातमा शे, त्याच हातले."

आधीच सांगितलं असतं तर तुम्ही पेटी बंद केली असती, असंही ती म्हणाली होती. त्याच हिवाळ्यात ती गेली. घरात बसवेना म्हणून चाचा पेटी घेऊन बाजार करू लागले.

पुढे नंदुरबारला तेलाच्या इंजिनावर वीजघर चाललं, खांब उभे राहिले. तारेला चिकटून एक माणूस मेल्याची बातमी म्हसावदपर्यंत आली आणि लोक चाचांच्या पेटीला भिऊ लागले. बाया पोरांना ओढून दूर नेत. ही हातानं फिरवायची वीज, हिनं कुणी मरत नाही, असं चाचा समजावत. ऐकायला कुणी थांबत नसे. बाजार उठेपर्यंत ते नळ्या पुसत बसत.

एके दिवशी मी गल्ला बंद केला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो. नळ्या धरल्या. त्यांनी मूठ फिरवली. नेहमीचा प्रश्न आला. दोन्ही हातांना, म्हणून मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण मूठ थांबवली नाही. माझे हात खांद्यापर्यंत भरून आले. सोडायचे म्हटलं तरी सुटत नव्हते, आणि त्यांच्याकडे बघून थांबा म्हणवत नव्हतं.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. शहाद्याला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सुरतेला पुतण्याकडे गेले असतील. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं.

निंबाखालची जागा काही दिवस मी तशीच ठेवली. मग एक बांगडीवाली आली. डोक्यावरची टोपली न उतरवताच त्या जागेकडे बघत तिनं विचारलं, "दादा, आठे कोन बसस?"

ती ओझं घेऊन उन्हात उभी होती.

"कोनी नही, बस," मी म्हणालो आणि माझं गाठोडं थोडं अलीकडे ओढलं.