माझ्या लग्नाच्या बैठका

मोशीत माझ्याइतके मजबूत पाय कुणाचेच नव्हते, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे.

पिंपरीकडं नवे कारखाने उभे राहत होते, त्या काळची गोष्ट. वडील म्हणाले, "उद्या चिखलीचे पावणे येत्यात. तुझ्या लग्नाची बैठक हाय. घराची अब्रू राख!"

तालमीतल्या माणसाला बैठक म्हणजे एकच! मला वाटलं, पाहुणे जावयाच्या पायातला दम बघणार. (मानपान ठरवायला जमतात त्यालाही बैठकच म्हणतात, हे मला कोण सांगणार?) अंधार पडेपर्यंत बैठका मारल्या आणि छाती फुगवून झोपलो.

सकाळी मांड्यांची लाकडं! पाहुण्यांसमोर घोंगडीवर कसाबसा धपकन बसलो.

"मामांच्या पाया पड," वडील म्हणाले. मामा म्हणजे मुलीचे मामा, त्यांच्या घरचा शेवटचा शब्द. उठता येईना, म्हणून बसल्या बसल्याच सरकत निघालो. मामांनी पाय आखडून घेतले.

"पोरगं अधू हाय व्हय?"

"न्हाई वो! पैलवान हाय!"

"मग उभा ऱ्हा म्हणावं!"

मी मामांचा खांदा धरून जोर केला. मी तिथंच राहिलो, मामा मात्र पोह्यांच्या परातीत आडवे!

"सोयरीक मोडली!" पोहे झटकत मामा गरजले. मुलगी मी जत्रेत पाहिली होती, मला मनापासून आवडली होती हो!

तेवढ्यात आई दोन्ही हातांत चहाचं ताट घेऊन आली, कुठंही न टेकता खाली बसली, चहा दिला आणि तशीच उठली. मामा बघतच राहिले.

"मामा, पोरगं धडधाकट हाय," आई म्हणाली. "नुस्ती एका जागी उठबस करतंय, कामाची सवय न्हाई. आठवडाभर माझ्या हाताखाली ऱ्हाऊ द्या, मग बघा."

मग काय! विहिरीचं पाणी शेंदलं, जातं ओढलं, उकिडवं बसून गोठा झाडला, घागर खांद्यावर घेऊन नदीची चढण चढलो. तालमीत कधी न दुखलेलं सगळं दुखलं! पण वाकणं, वळणं, उठणं असं काही सुटसुटीत झालं की अंग नवं मिळाल्यासारखं वाटलं.

मामा पुन्हा आले. (या वेळी माझ्यापासून लांब बसले.) मी भरली घागर खांद्यावर घेऊन जमिनीवरून सरळ उठलो. थेंब सांडला नाही! आईनं पदर डोळ्यांना लावला. मलाही स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

"पाणी भरतोय, दळतोय, गोठा झाडतोय!" मामा म्हणाले. "असला जावई पंचक्रोशीत न्हाई. पोरगी दिली!"

मी मिशीला पीळ दिला.

लग्नानंतर हळद उतरायच्या आत नव्या नवरीनं रिकामी घागर माझ्यापुढं ठेवली. "आवं पैलवान, सराव सुटाय नगं!"

अजून सुटलेला नाही.