पाच लिटर पाण्याची कायमची व्यवस्था

आमचे हे इंजिनिअर आहेत. कारखान्याने त्यांना नारळ-शाल देऊन निरोप दिला त्याला आता दीड वर्ष होईल, पण घरातली बादली गळायला लागली तरी हे आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतात. मग बादलीचा आराखडा, गळतीची कारणं, कारणांची वर्गवारी. तोवर मी दुकानातून नवी बादली आणलेली असते, आणि ती आणल्याबद्दल मला बोलणी खावी लागतात.

आम्ही धायरीत राहतो. इमारतीच्या मागेच टेकडी आहे. गेली दहा वर्षं मी आणि आमच्या सकाळच्या मंडळींपैकी सात-आठ जण रोज ती चढायचो. चढताना प्रत्येकाच्या हातात पाण्याचा कॅन, कारण वरच्या उघड्या माळावर प्रत्येकाने एकेक झाड दत्तक घेतलं होतं. ज्याचं झाड त्यानेच पाणी घालायचं, हा अलिखित नियम. खरं म्हणजे लिखितसुद्धा. एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या कडुनिंबाला पाटी अडकवली होती: 'हे झाड पाळलेले आहे. परस्पर पाणी घालू नये.' आम्ही हसलो, पण पाळलं मात्र सगळ्यांनी. दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला परस्पर जेवू घालण्यासारखं. आईला टोमणा वाटतो.

माझा बहावा होता. तीन पावसाळ्यांपूर्वी लावलेला, माझ्या कमरेइतका. टेकडीवरच्या झाडाने तीन उन्हाळे काढले की ते आपलं आपण जगतं, असं आमच्यातले जाणते सांगायचे. हा तिसरा उन्हाळा होता, आणि नेमका जानेवारीत माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "टेकडी बंद. सपाटीवर चाला." धायरीत सपाटी कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, आठवड्यातून दोनदा पाच लिटरचा एक कॅन वर न्याल का? जूनपर्यंतच."

ह्यांचे गुडघे उत्तम आहेत. अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात. पण हे माझ्याकडे करुणेने बघत म्हणाले, "अगं, हाताने पाणी नेणं हा उपाय नाही, ती नुसती सवय आहे. मी कायमची व्यवस्था करतो."

कायमची व्यवस्था फेब्रुवारीत आली, टीव्हीच्या खोक्याएवढ्या खोक्यातून. रिमोटवर चालणारा ट्रक. खेळणं म्हटलेलं ह्यांना चालत नाही. लांबीला आमच्या देवघराच्या चौरंगापेक्षा मोठा, चाकं पोळपाटाएवढी, वजन बारा किलो, आणि खड्डे-दगड-माती तुडवत जाण्यासाठीच बनवलेला. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी त्याच्या पाठीवर भरलेला कॅन बांधला आणि पार्किंगमध्ये फिरवला. गतिरोधक चढला, बागेच्या तीन पायऱ्या चढला, वॉचमनच्या खुर्चीला वळसा घालून आला. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. म्हटलं, "उद्या सकाळी न्या."

"उद्या?" हे ट्रक उलटा करून त्याच्या पोटाकडे बघत होते. "हे सगळं प्लॅस्टिक आहे गं."

इथून पुढचे तीन महिने ह्या एका वाक्यात आहेत.

चाकं धरणारे दांडे प्लॅस्टिकचे होते, ते ॲल्युमिनियमचे केले. ॲल्युमिनियमने वजन वाढलं, म्हणून स्प्रिंगा कडक घातल्या. स्प्रिंगा कडक झाल्या तशी गाडी उड्या मारायला लागली, म्हणून चाकं मोठी आली. मोठी चाकं फिरवायला मोटर कमी पडली, म्हणून मोठी मोटर. मोठ्या मोटरने पहिल्याच दिवशी आतले दाते खाल्ले, म्हणून पोलादी दाते. दात्यांनी दम धरला तेव्हा दम बॅटरीचा गेला. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण हा विषयच उरला नाही. ताटं मांडीवर घेऊन आम्ही सोफ्यावर, आणि ट्रक टेबलावर, वर्तमानपत्र अंथरून.

ॲल्युमिनियमचं काम हे जवळच्याच एका शेडमधल्या लेथवाल्याकडून करून घ्यायचे. एकदा सुट्टे भाग आणायला मी गेले. त्याने ते चिंधीने पुसून माझ्या पिशवीत टाकले आणि म्हणाला, "वहिनी, काम एक नंबर झालंय. पण साहेबांना एक इचारा, गाडी चालवायची हाय का नुसती बनवायचीच हाय?"

मी घरी येऊन विचारलं. उत्तर आलं, "त्याला डिझाइनमधलं काय कळतंय?"

आता थोडं माझ्याबद्दलही सांगते, नाहीतर सगळी चूक ह्यांचीच होती असं वाटेल. काढलेली वस्तू चांगली असली की टाकून द्यायची नाही, हे माझ्या हाडात आहे. ट्रकमधून जे जे निघालं ते मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरत गेले. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर माझ्या अक्षरात: 'पुढचे दांडे, चांगले'. 'स्प्रिंगा, न वापरलेल्या जवळजवळ'. 'मोटर, चालू'. एप्रिलपर्यंत अकरा डबे झाले. म्हणजे माझ्या फळीवर एक अख्खी गाडी जमली होती, आणि ती पाणी घेऊन पायऱ्या चढत होती हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी काय केलं? डब्यांची रांग सरळ केली.

दरम्यान ह्यांनी आणखी एक पराक्रम केला. मंडळी टेकडी उतरेपर्यंत मी रोज पायथ्याच्या बाकावर बसून असायचे; तिथे येऊन ह्यांनी आमच्या सगळ्या मंडळींना गाडीची योजना समजावून सांगितली. वाळूत काठीने रेघा मारून. त्यामुळे झालं असं, की एखादीने "तुझ्या बहाव्याला घालू का गं थोडं?" असं विचारायच्या आधीच पाटीवाले गृहस्थ म्हणायचे, "छे छे, त्यांची यंत्रणा येणार आहे." आणि मीही मान वर करून म्हणायचे, "हो, येत्या रविवारी." मागितलं असतं तर कुणीही घातलं असतं. मी मागितलं नाही. नवरा घरात इतकी मोठी व्यवस्था करत असताना शेजारणीकडे पाणी मागायचं म्हणजे काय?

"कसा आहे हो माझा बहावा?" एवढं मात्र रोज विचारायचे. मार्चमध्ये उत्तर यायचं, "छान आहे." एप्रिलमध्ये, "आहे." मग माझ्याशी बोलताना लोक चपलेकडे बघायला लागले. खाली रस्त्यावरचे मोठे बहावे पिवळेधमक फुलले होते, आणि त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायचे. ह्यांना म्हटलं, "अहो, झाड मरेल." हे म्हणाले, "मरत नाही. मेमध्ये व्यवस्था सुरू झाली की भरून निघेल." झाड म्हणजे ह्यांना उत्पादनातली तूट वाटत होती.

मेच्या दुसऱ्या रविवारी गाडी तयार झाली. ह्यांनी ती न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवली आणि बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर यावं तसे येऊन सांगितलं, "सतरा किलो!" मी गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडलं गेलं, त्यावरही हे खूश झाले.

टेकडीच्या पायथ्याशी मी बाकावर बसले. ह्यांनी कॅन बांधला, रिमोट हातात घेतला. गाडी दहा पावलं चढली आणि घसरून मागे आली. पुन्हा चढली, पुन्हा आली. ह्यांनी थोडा विचार केला, कॅन सोडला, माझ्या बाकाखाली ठेवला आणि म्हणाले, "ही चाचणी फक्त चढणीची. पाण्याची पुढच्या वेळी."

मग गाडी खरोखर सुटली. दगडांवरून, ओहळातून, धुरळा उडवत. मला वाटलं होतं हे खाली माझ्याशेजारी उभे राहून ती चालवतील. पण वळणावर गाडी दिसेनाशी होते ना, म्हणून हे तिच्या मागोमाग निघाले. पहिल्या वळणापर्यंत मला दोघं दिसत होते, पुढे गाडी आणि मागे हे, दोन-दोन दगड एकदम ओलांडत.

पाऊण तासाने फोन वाजला. व्हिडिओ कॉल. हे वरून घामाने निथळत ओरडत होते, "बघ! बघ, माळावर पोचली!" पडद्यावर गाडी, गाडीची चाकं, गाडीचे ॲल्युमिनियमचे दांडे, दुसऱ्या बाजूने परत गाडी.

मी म्हटलं, "बहावा दाखवा."

पडदा फिरला. आळं दिसलं, मी लावलेले कडेचे दगड दिसले. मधे एक काडी होती. पान एकही नव्हतं.

"वाळलंय गं जरा," हे म्हणाले.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. थोडा माझाही आला, त्या अकरा डब्यांसकट. म्हटलं, "अहो, तुम्ही वर कसे गेलात?"

"म्हणजे? चालत. गाडीच्या मागे."

"मग जाताना हातात कॅन का नाही घेतलात?"

ह्यांनी पडदा परत गाडीकडे फिरवला. मग हे मनापासून म्हणाले, "अगं, दोन्ही हातांत रिमोट होता."

मी फोन ठेवला.

तासाभराने हे उतरताना दिसले. बॅटरी वरच संपली होती. रिमोटला पट्टा असतो आणि तो गळ्यात अडकवता येतो, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही हातांनी ह्यांनी ती सतरा किलोंची गाडी पोटाशी धरली होती आणि ओरखडा येऊ नये म्हणून पाय जपून टाकत होते. बाकापाशी येऊन त्यांनी ती अलगद खाली ठेवली, माझ्याशेजारी टेकले, रुमालाने मान पुसली.

"हुश्श. घसा सुकला गं. पाणी आहे का थोडं?"

मी बाकाखालचा भरलेला कॅन पायाने पुढे सरकवला.

"घ्या," म्हटलं, "पाच लिटर आहे. तुम्हाला पुरेल."