सगळ्यात हळू चालणारी पुढे

सौंसरला समुपदेशक म्हणून काम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे एक छोटी खोली होती, दोन खुर्च्या आणि एक टेबल. लोक यायचे, खुर्चीच्या कडेला टेकायचे आणि मी काही विचारलं की "सगळं ठीक हाय मॅडम" म्हणून उठायचे. तीच माणसं बसस्टँडवर भेटली की अर्धा-अर्धा तास बोलत राहायची. यांना खोलीबाहेर न्यावं, असं मला तेव्हाच वाटू लागलं. मग मी त्याचं प्रशिक्षण घेतलं आणि हिवाळ्यात दोन-दोन दिवसांची जंगल शिबिरं सुरू केली. सागाच्या रानात राहायचं, चुलीवर रांधायचं, टेकडी चढायची, आणि चालता चालता ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या शिबिराला सौंसरची एक शिवणकाम करणारी बाई आली. पंचेचाळिशीची, लहानपणीच्या पोलिओनं एक पाय अधू झालेला, काखेत कुबडी. आई गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती, म्हणून बहिणीनं तिचं नाव दिलं होतं. मी मनातल्या मनात तिची सोय लावून टाकली. सकाळी सगळे टेकडीकडे निघाले तेव्हा तिला म्हटलं, "ताई, तुम्ही इथंच थांबा. आम्ही येईस्तोवर चहाचं पाहाल?"

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तीस वर्षं झाले, मशीनवर बसून आहो मी. इथं बी बसाचंच होतं त मले आणलं काहून?"

लाज झाकायला म्हणून मी म्हटलं, "मग चला. तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो."

आमच्यात पांढुर्ण्याचे एक निवृत्त गुरुजी होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि ते घरात कुणाशी बोलत नव्हते. सुनेनं आग्रह करून पाठवलं होतं. ते सारखे पुढे जायचे, वळणावर थांबून आमच्याकडे बघायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ताईंनी मोहाच्या झाडाला कुबडी टेकवली.

"गुरुजी, घाई कायची हाय? वर कोनी वाट पाहून राहिलं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. मग आपणहून बोलले, "आमची हीसुद्धा मागं राहायची. जामसांवलीला देवाला गेलो की मी पायऱ्यांपाशी जाऊन उभा. ती पोचली की म्हणायचो, किती वेळ लावतेस. सोबत असा मी कधी चाललोच नाही."

त्यानंतर ते ताईंच्या बरोबरीनं चालले आणि वाटभर बायकोबद्दल बोलत राहिले. ताई फक्त हुंकार द्यायच्या आणि पुढचा दगड पाहून कुबडी टेकवायच्या. मी मागे होते.

शिखर काही गाठलं नाही. बरंचसं चढून झाल्यावर ताईंनी वरची वाट पाहिली आणि म्हणाल्या, "पुरे. उतराले बी पाय लागते." एक-दोघं कुरकुरले, पण पुढे त्या होत्या. तिथंच बसून आम्ही भाकर-ठेचा खाल्ला, कुणीतरी घरच्या बागेतून आणलेली संत्री सोलली.

तेव्हापासून आमच्या शिबिरात सगळ्यात हळू चालणारं माणूस पुढे. ताईंनी नंतर शिबिरं चालवायचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं. प्रशिक्षण संस्थेकडून आधी अर्ज परत आला, पाय पाहून. मी दोन पत्रं लिहिली, तिसरं त्यांनी स्वतः लिहिलं, आणि बोलावणं आलं. पुढे नऊ हिवाळे आम्ही दोघींनी मिळून शिबिरं नेली. कुणाला बोलतं करायचं आणि कुणाला गप्प राहू द्यायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळायचं.

कुबडीमुळे अखेर त्यांचा खांदा गेला. आता शिबिरं नवी मुलंमुली चालवतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या ब्लाउजला हुक लावत होत्या.

"आठवण येते का हो जंगलाची?" मी विचारलं.

"जंगलाची येते, पन तितकी नाई," त्यांनी दातानं दोरा तोडला. "थकून यायची ना मी, ते आठवते. आता दिवसभर बसून अंग नुसतं दुखते."

मग त्यांनी मला सुईत दोरा ओवून द्यायला सांगितलं. मला तीनदा प्रयत्न करावा लागला.