पावण्यांना सांगितलेलं

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. तरी लिव्हर सिरोसिस म्हटल्यावर गल्लीतले लोक डोळे मिचकावून विचारायचे, "कधीपासनं घेत होते?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं अंगात दडून बसला होता, त्याने यकृत पोखरलं. राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले, निबर झालेला भाग परत येत नाही, उरलेला सांभाळायचा. मीठ कमी, ठरल्या वेळी सोनोग्राफी, आणि रोज ते गोड, चिकट औषध. त्याने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. नाहीतर यकृताला न गाळता आलेलं विष डोक्यात चढतं.

इचलकरंजीला भाचीचं लग्न लावून आबा परतले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी घरी आलो, तर ते बाहेरच्या सोप्यात उलटा शर्ट घालून बसलेले.

"या पावणं, बसा की. कुटनं आलासा?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण इतक्या अदबीने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला. आई हसत दारात आली आणि तिथेच थबकली.

डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे मी त्यांना हात पुढे धरायला लावले. पंजे गळून पडत, पुन्हा उठत, जणू दुसरंच कुणी हलवत होतं. विष डोक्यात चढलं होतं.

"औषध घेतलं का?"

ते माझ्याकडे झुकले. श्वासाला गोडसर, कुबट वास होता. "माझं पोरगं लई कडक हाय, रोज पाजतंय. पर लग्नात सारखं कोण उठणार? घेतलंच न्हाई. त्येला सांगू नगासा."

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पावणं, मला मरायचं लई भ्या वाटतंय. घरात बोलता येत न्हाई."

बाहेर चौकातली गर्दी नेहमीसारखी चालली होती. मी त्यांचा मुलगा असल्याचं कळू दिलं नाही, पावणाच राहिलो.

दवाखान्यात पोट साफ केलं, तेच औषध पुन्हा सुरू झालं आणि आबा हळूहळू भानावर आले. ताट बघून माझ्यावर खेकसले, "आरं, ह्यात मीठ कुटं हाय?" मला रडूच आलं. मग धीर करून विचारलं, "आबा, भीती वाटते का?"

"मला? खुळा हायस काय?"

त्यांनी मला ओळखलं होतं. आता ते मला काहीच सांगणार नव्हते.